बाप नावाचा मालक, बाप नावाचा माणूस

घटस्फोटाच्या कायद्यात बापावर अन्याय होतो, अशी ओरड अलीकडे वाढली आहे. ओरड करणारा बाप बहुधा शहरातला, पगारदार, वकील लावण्याची ऐपत असलेला असतो. आठवड्यातून वा पंधरवड्यातून एकदा, कोर्टाच्या आवारातल्या एका खोलीत, घड्याळाकडे पाहत त्याला स्वतःच्या लेकराला भेटावे लागते. पोटगीचा हप्ता चुकला तर वॉरंट निघते. भेटीचा वार चुकला तर फक्त पुढची तारीख मिळते. हे दुःख खोटे आहे असे मी म्हणणार नाही. आपल्या चळवळीतले काही मित्र ते पुरुषी कांगावा म्हणून उडवून लावतात. दुसरीकडे काही जण या ओरडीत सूर मिसळून, सगळा दोष बाईला झुकते माप देणाऱ्या कायद्यावर टाकून मोकळे होतात. मला हे दोन्ही पवित्रे आळशीपणाचे वाटतात. कायद्याने बापाला काय दिले, कोणत्या बापाला दिले आणि काय दिलेच नाही, याचा हिशेब या दोघांपैकी कोणीही मांडत नाही.

तो हिशेब मांडायचा तर आधी शब्दापासून सुरुवात केली पाहिजे. मुलाच्या बाबतीत कोर्टात वापरला जाणारा शब्द आहे ‘ताबा’. ताबा जमिनीचा असतो, घराचा असतो, जप्त केलेल्या मालाचा असतो. लेकराला जो शब्द लावला तो सातबाऱ्याच्या शेजारून उचललेला आहे. हा योगायोग नव्हे. 1890 चा पालक व पाल्य कायदा इंग्रजांनी केला तेव्हा बाप हयात असेल आणि नालायक ठरत नसेल, तर कोर्टाने दुसरा पालक नेमू नये, असे त्याच्या 19 व्या कलमात होते. त्या कलमात बापाच्या जोडीने आईचे नाव यायला 2010 साल उजाडावे लागले. 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा स्वातंत्र्यानंतरचा. त्याच्या 6 व्या कलमानेही नैसर्गिक पालक ठरवला तो बाप, आणि ‘त्याच्यानंतर’ आई. मात्र पाच वर्षांच्या आतले मूल सामान्यतः आईजवळ असावे, अशी पुस्ती त्याच कलमाला जोडली.

ही दोन वाक्ये शेजारीशेजारी ठेवून वाचा. मालकी बापाची, सांभाळ आईचा. मूल धुवायचे, पुसायचे, रात्र रात्र मांडीवर घेऊन जागायचे ते आईने. सही करायची, नाव लावायचे, मिळकतीची व्यवस्था पाहायची ती बापाने. घर उभे असते तोवर या वाटणीबद्दल बापाची तक्रार नसते. घर मोडले की कोर्ट विचारते, मुलाला आजवर सांभाळले कोणी? तेव्हा मालकाच्या हाती सांगण्यासारखे काही नसते. आज ज्याला बापावरचा अन्याय म्हटले जाते तो बहुतेक वेळा या जुन्या वाटणीचा व्याजासकट परत आलेला हिशेब असतो. बाईने तो कट करून रचलेला नाही. मनूच्या घरात बापाला बसायला जे सिंहासन दिले होते, त्याला पाळणा बांधायची सोयच नव्हती.

न्यायालयांना याची जाणीव झालीच नाही असे नाही. 1973 साली रोझी जेकब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत, त्यांचे हित हाच निकष, असे स्पष्ट केले. त्याच्या थोडे आधी, 1970 साली, आपल्या विदर्भातल्या एका कूळवादात जिजाबाई विरुद्ध पठाणखान हा निवाडा झाला. आईबाप वीसेक वर्षे वेगळे राहत होते. मुलीचे आणि तिच्या जमिनीचे सगळे आईच पाहत होती. तिने मुलीच्या वतीने दिलेला पट्टा कायदेशीर धरायचा की नाही, हा प्रश्न होता. न्यायालयाने म्हटले, बाप हयात असला तरी मुलीच्या दृष्टीने तो नसल्यासारखाच. तेव्हा आई हीच नैसर्गिक पालक. याच वाटेने पुढे 1999 मध्ये गीता हरिहरन प्रकरणात ‘त्याच्यानंतर’ या शब्दाचा अर्थ ‘त्याच्या मृत्यूनंतर’ असा न घेता ‘त्याच्या अनुपस्थितीत’ असा घेतला गेला. चांगले झाले. पण नीट पाहा, आईच्या पालकत्वाला आधी मान्यता मिळाली ती जमिनीच्या पट्ट्यापायी आणि मग रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांपायी. ज्यांच्याजवळ पट्टाही नाही आणि रोखाही नाही, त्यांचे मूल कायद्याला दिसायला कोणते निमित्त उरते?

कायद्याला बाप दिसत नाही, हे गाऱ्हाणे तसे नवे नाही. ते पहिल्यांदा जळजळीतपणे मांडले ते याच वऱ्हाडच्या मातीतल्या एका बाईने. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिले. त्याला निमित्त होते सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेच्या खटल्याचे. तिने आपले नवजात मूल मारले म्हणून तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी झाली. कोर्ट होते, जबान्या होत्या, वर्तमानपत्रांत स्त्रीजातीच्या अधोगतीवर मजकूर होता. त्या मुलाला बाप होता की नव्हता, याची चौकशी मात्र कोणाला करावीशी वाटली नाही. ताराबाईंचा संताप तिथून पेटतो. त्यांच्या बाजूने 1885 साली ‘सत्सार’मधून उभे राहिले ते जोतीराव फुले. जोतीरावांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते आणि एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंताला, आपला मुलगा मानले होते. रक्त त्यांचे नव्हते, जात त्यांची नव्हती. त्यांचे होते ते फक्त सांभाळणे. बापपण म्हणजे काय याची व्याख्या करायची झाली तर मला कायद्याच्या पुस्तकापेक्षा हे घर जवळचे वाटते.

विजयालक्ष्मीच्या मुलाचा बाप अदृश्य होता, आणि आमच्या वस्तीत असे अदृश्य बाप पिढ्यानुपिढ्या येऊन गेले आहेत. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (1984) हे कायद्याच्या विद्यार्थ्यानेही वाचावे असे पुस्तक आहे. आई महार, बाप पाटील. शाळेच्या पटावर बाप म्हणून कोणाचे नाव लावायचे, हा तिथे जगण्यामरण्याचा प्रश्न होतो. विवाहबाह्य मुलाची पालक आई, बाप तिच्यानंतर, असे 1956 चा कायदा सांगतो. वर वर पाहता हा आईचा सन्मान वाटतो. आत डोकावले तर सवर्ण बापाला दिलेली ती सुटका आहे. पोटगी मागता येते, पण मागायची कोणी? ज्याच्या शेतावर राबायचे त्याच्यावरच दावा लावायचा? 2024 च्या 1 मेपासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे नाव लिहिण्याचा नियम महाराष्ट्राने केला. याचे स्वागत आहे. पण हा नियम शंभर वर्षे आधी आला असता, तरी पाटलाच्या वाड्यावर जाऊन जबाबदारी मागण्याची ताकद त्या आईला केवळ नावाच्या क्रमाने मिळाली नसती.

आणि आपण आपल्याही घरात पाहिले पाहिजे. दलित आत्मकथनांतील आई डोंगराएवढी आहे. बाप बहुधा दारूत, कामाच्या शोधात, गिरणीच्या पाळीत किंवा मारहाणीत हरवलेला. दया पवार यांनी ‘बलुतं’मध्ये (1978) आपल्या मोडलेल्या पहिल्या संसाराची आणि त्यातल्या मुलीची सल लपवली नाही. त्या पानांत कोर्ट नाही, ताब्याचा हुकूम नाही. आहे ती एका बापाची अपराधी कबुली. समीक्षकांनी ‘बलुतं’ गावगाड्याचा दस्तऐवज म्हणून वाचले, आणि ते योग्यही आहे. पण संसार मोडल्यावर बाप म्हणून आपण कुठे उणे पडलो, हे इतक्या उघडपणे सांगणारा पुरुष मराठीत विरळा, हे आपण पुरेसे बोललो नाही. व्यवस्थेने आमच्या बापाला बाप होऊ दिले नाही, हे खरे. आम्हीही सगळे व्यवस्थेच्या माथी मारून अनेकदा निसटलो, हेही तितकेच खरे.

आता सेमाडोहला या. परतवाड्याहून घाट चढून, सागाच्या जंगलातून धारणीच्या रस्त्याला लागले की सिपना नदीकाठी हे गाव लागते. पर्यटकाला ते वाघापायी माहीत आहे. इथला एखादा कोरकू मजूर डोळ्यांपुढे आणा. हंगाम सरला की तो मेळघाट उतरतो, वऱ्हाडच्या पट्टीत कुणाच्या शेतावर नाहीतर वीटभट्टीवर राबतो आणि होळीला गावी परततो. त्याचे आणि बायकोचे जमले नाही. गावच्या पंचांसमोर काडीमोड झाला, बायको लेकराला घेऊन माहेरी गेली. या बापाला कोणता कायदा लागू होतो?

1955 चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही; केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो लागत नाही. 1956 चा पालकत्वाचा कायदाही तसाच. म्हणजे ज्या कलमांवर शहरात इतका धुरळा उडतो ती त्याच्या दारापर्यंत पोचतच नाहीत. त्याच्यासाठी उरते जमातीची वहिवाट, आणि ती वहिवाट कोर्टात पुराव्याने शाबीत करावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली एका संथाळ-उरांव जोडप्याच्या प्रकरणात दाखवून दिले. याशिवाय उरतो तो 1890 चा इंग्रजी कायदा. त्याखाली अर्ज करायचा तर मूल राहते त्या हद्दीच्या जिल्हा न्यायालयात. सेमाडोहहून अमरावती सुमारे शंभर किलोमीटर. एका तारखेला एक रोजी बुडते, गाडीभाडे वेगळे. कोर्टाची भाषा मराठी, कागद इंग्रजी, आणि याची बोली कोरकू. वकिलाला सांगायचे काय, हेच त्याला दुसऱ्याच्या तोंडून सांगावे लागते.

एक कायदा मात्र त्याला जातजमात न विचारता गाठतो. तो पोटगीचा. 1973 च्या फौजदारी संहितेचे 125 वे कलम, आणि 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे 144 वे. पोटगी थकली तर थकलेल्या महिन्यागणिक महिन्यापर्यंतची कैद होऊ शकते; आणि कैद भोगून देणे फिटत नाही. मी या कलमाच्या विरोधात नाही. टाकून दिलेल्या बाईच्या आणि लेकराच्या तोंडात घास पडायला हाच एक आधार आहे, आणि कोरकू बाईला तर त्या आधारापर्यंत पोचणे तिच्या नवऱ्याहूनही अवघड. पण पाहा कसे आहे. राज्यसंस्था या माणसाला वनखात्याचा आरोपी म्हणून ओळखते, मजूर म्हणून हजेरीपटावर ओळखते, आणि घर मोडल्यावर थकबाकीदार म्हणून ओळखते. बाप म्हणून ती त्याला कधी ओळखते?

वहिवाटीचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. पंचांसमोर देजेचा हिशेब निघतो तेव्हा बाई त्या हिशेबातली एक रक्कम असते. आणि मूल बापाच्या कुळाचे, हा नियम तिथेही मालकीचाच. मनूचे नाव न ऐकलेल्या गावातही बाप मालक होऊ शकतो, हे आपल्या भाबड्या आदिवासीप्रेमाने विसरू नये. पंचांच्या बैठकीत एक मात्र आहे: दोघांची भाषा एक, दोघांचे नातेवाईक समोर, आणि निकाल त्याच दिवशी. कुटुंब न्यायालयांचा कायदा 1984 मध्ये झाला तेव्हा हेच स्वप्न होते. वकिलांचा कल्लोळ कमी, समुपदेशन जास्त, तडजोड आधी. ते स्वप्न घाट चढून वर आले नाही.

मग मागायचे काय? 2015 मध्ये विधी आयोगाने आपल्या 257 व्या अहवालात संयुक्त पालकत्वाची शिफारस केली. कायदा अजून झालेला नाही. बापांच्या संघटना हा अहवाल आपला विजय म्हणून नाचवतात. मी त्याचे स्वागत वेगळ्या कारणाने करतो. संयुक्त पालकत्व म्हणजे ताब्याची निम्मी निम्मी वाटणी असेल तर ती जुनीच मालकी, फक्त दोन सातबारे. ते संयुक्त कष्ट असेल तर त्याला अर्थ आहे. ज्या बापाला हक्क हवा त्याने मुलाचा ताप, शाळा, जेवण यांचीही जबाबदारी लिहून द्यावी. जिथे मारहाण आहे तिथे बापाच्या हक्काआधी बाईची आणि लेकराची सुरक्षितता. यात घासाघीस नाही. आणि जिथे बाप गरीब आहे तिथे भेटीचा हुकूम हा गाडीभाड्यासकट आणि दुभाषासकट असावा. फिरते न्यायालय धारणी-चिखलदऱ्यात बसावे, कोरकू जाणणारा समुपदेशक त्यात असावा. हुकूम मोडणाऱ्याला, मग तो बाप असो की आई, फक्त पुढची तारीख मिळू नये.

याहून मूळचे एक आहे. घर मोडण्याच्या दिवशी बाप घडत नाही. केंद्र सरकारच्या नोकरदार बापाला मूल झाल्यावर 15 दिवसांची रजा आहे. वीटभट्टीवरच्या बापाला एकही नाही. 1928 साली मुंबई कौन्सिलात बाबासाहेब बाळंतरजेच्या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले ते गिरणीत राबणाऱ्या बाईसाठी. त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा म्हणजे राबणाऱ्या पुरुषाला लेकराजवळ बसायला मिळणारा दिवस. 20 जुलै 1942 ला नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी बाईने नवऱ्याची दासी नव्हे, मैत्रीण व्हावे असा आग्रह धरला. ज्या घरात दासी नाही त्या घरात मालकही राहत नाही. मालक गेला की जो उरतो, त्याला बाप म्हणायचे.

हिंदू कोड बिलासाठी राजीनामा देणाऱ्या माणसाचे आपण अनुयायी आहोत. तेव्हा घटस्फोटाचा कायदा बाईधार्जिणा आहे की बापाचा वैरी, या शहरी भांडणात आपण पंच म्हणून बसू नये. आपला प्रश्न निराळा आहे: सेमाडोहचा तो बाप होळीला गावी येईल तेव्हा त्याच्या लेकराला तो कोण म्हणून भेटणार? थकबाकीदार म्हणून, कुळाचा धनी म्हणून, की त्याला मांडीवर घेणारा माणूस म्हणून? याचे उत्तर देणारे कलम अजून कुठल्याही संहितेत नाही. ते लिहिण्याचे काम अर्धे संसदेचे आहे. अर्धे आपल्याच घरात, आपल्याच हातांनी करायचे आहे.