कित्ता, गिरवणे आणि मुलाचे वाक्य

‘श्रीगणेशा करणे’, ‘ओनामा’, ‘कित्ता गिरवणे’ हे तिन्ही शब्दप्रयोग मराठीने शाळेतून उचलले आणि व्यवहारात रुळवले. त्यांतला तिसरा मला सर्वांत बोलका वाटतो. कित्ता म्हणजे कुणीतरी आधीच काढून ठेवलेले वळण, आणि गिरवणे म्हणजे त्याच रेषेवरून पुन्हा हात फिरवणे. मोडीच्या काळात याला सबळ कारण होते. दप्तरातल्या कारकुनाचे अक्षर सर्वांना लागले पाहिजे. पुढे दप्तरे बदलली, मोडी गेली, कित्ता मात्र वर्गात राहिला. आजही प्राथमिक शाळेत ‘शुद्धलेखन’ या शब्दाचे दोन अर्थ चालतात: धड्यातले पानभर उतरवून काढणे, आणि ऱ्हस्व-दीर्घ नीट लिहिणे. मनातले लिहिणे या दोहोंतही बसत नाही.

अक्षरओळखीचेही तसेच. वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानांवर रचलेला आहे, कंठापासून ओठांपर्यंत. शास्त्र म्हणून तो देखणा, पण सोय व्याकरणकाराची. ‘ग म भ न’ हा क्रम हाताच्या सोयीचा. उभ्या दंडाची, वळणाने जवळची अक्षरे एकत्र. त्यातून शब्द निघतात ते नभ, गगन, गमन, नमन. सहा वर्षांचे कोणते मूल घरी ‘नभ’ म्हणते? त्याला हवे असते ‘आई’, ‘मामा’, ‘पाऊस’. आणि त्यासाठी लागणारा काना पुष्कळ पाने पुढे.

फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी जे काम उभे केले त्याचे मोल मला इथे दिसते. मोजकी अक्षरे आणि मोजक्या स्वरचिन्हांचा गट एकदम घ्यायचा, म्हणजे पहिल्या टप्प्यातच अर्थाचे शब्द आणि छोटी वाक्ये हाती लागतात. बर्नसन मुळात भाषाशास्त्राच्या अभ्यासक, आणि फलटणच्या बोलण्यातले सामाजिक भेद हा त्यांच्या संशोधनाचा विषय. हा योगायोग नव्हे. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाने वहीत ‘पानी’ लिहिले, तर त्याने ऐकलेला ध्वनी अक्षरात बिनचूक उतरवला आहे. वाचन-लेखनातली सर्वांत अवघड पायरी तो चढला आहे. आपण त्यावर लाल फुली मारतो. ‘पाणी’ त्याला शिकवायचेच, याबद्दल माझे दुमत नाही. पण फुली ‘न’वर पडली की घरच्या बोलीवर, हे त्या मुलाला कोण सांगणार?

आचार्य अत्रे यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने १९३०च्या दशकात क्रमिक पुस्तक रसाळ केले, हे मोठेच काम. तरीही मूल तिथे वाचकच राहिले. लिहिणारे मूल पाठ्यपुस्तकात फारसे आलेच नाही. आले ते निबंधापुरते, आणि निबंध गाइडातून पाठ. ‘माझी आई’ या विषयावर वर्गातल्या चाळीस जणांची आई एकसारखी प्रेमळ निघते!

श्रुतलेखनाचा मात्र मला खरोखर प्रश्न पडतो. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे १४ नियम आणि १९७२चे ४, असे १८ नियम आपण मानतो. त्यांतले ऱ्हस्व-दीर्घ पुष्कळदा कानाला कळत नाही, ते शब्दाच्या घडणीवरून ठरते. ‘फूल’ दीर्घ, ‘फुलाला’ ऱ्हस्व, ‘मूल’, ‘मुलाला’, ‘तीळ’, ‘तिळाचा’. ऐकून लिहायला सांगून ही घडण कशी उमगावी? श्रुतलेखन चूक मोजते, चुकीचे कारण दाखवत नाही. त्यापेक्षा मुलांनी आपल्याच लिखाणातून अशा जोड्या जमवाव्यात, फळ्यावर समोरासमोर मांडाव्यात आणि नियम त्यांनीच शोधावा. शब्दाला प्रत्यय लागला की आधीचा दीर्घ स्वर आखडतो, हे चौथीच्या मुलांना सांगावेही लागत नाही. ‘तत्सम शब्दांचे काय?’ हा पुढचा प्रश्न तीच विचारतात.

चाळीस वह्या कोण वाचणार, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. पण प्रत्येक ओळ तपासलीच पाहिजे, हा आग्रह कित्त्याचा वारसा आहे. मुलांनी एकमेकांचे वाचावे, भिंतीवर लावावे. आठवड्याला चार-पाच वह्या शिक्षकांनी सावकाश पाहाव्यात. शाळेच्या हस्तलिखिताची परंपरा आपल्याकडे जुनी आहेच. माझ्या संग्रहात अशी काही हस्तलिखिते आहेत. बहुतेकांत वर्गातल्या दोघा-तिघांचेच मोत्यासारखे अक्षर पानोपान दिसते, आणि लेखाखाली नावे मात्र वेगवेगळ्या मुलांची. त्या मुलांच्या स्वतःच्या अक्षरातले मूळ कागद कुणी जपून ठेवलेले नाहीत.