शिरूर कासारची नक्कल

संगणकावरील फोल्डरची नक्कल स्क्रिप्टकडून कशी करून घ्यावी, हे शिकवणाऱ्या धड्यांत बहुधा एकच ओळ असते. पायथॉनमधून ‘ओएस.सिस्टिम’ बोलवायचे आणि ‘सीपी’ची आज्ञा एका सलग वाक्यासारखी त्याच्या हाती द्यायची. धड्यातल्या फोल्डरचे नाव ‘टेस्ट’ असते, त्यामुळे धडा यशस्वी होतो. आमचा आक्षेप आहे तो या यशालाच.

बीड जिल्ह्यात 11 तालुके आहेत. समजा, आपण प्रत्येक तालुक्याच्या नावाचा एक फोल्डर केला व त्यात शाळांची निकालपत्रके ठेवली. आष्टी, केज, वडवणी, परळी यांच्या बाबतीत वरील ओळ बिनबोभाट चालेल. ‘शिरूर कासार’पाशी मात्र ती अडखळेल. याचे कारण असे, की ते वाक्य आधी शेल वाचते आणि मोकळी जागा दिसली की तेथे ते तोडते. शेलच्या लेखी शिरूर एक आणि कासार दुसरा. नक्कल करताना निदान ‘असा फोल्डर नाही’ अशी तक्रार तरी येते. पण आज्ञा ‘आरएम -आरएफ’ अशी पुसण्याची असेल आणि शेजारीच पुणे जिल्ह्यातल्या शिरूरचा फोल्डर ठेवलेला असेल, तर तो निमूटपणे नाहीसा होईल. ही कल्पनेतली भीती नव्हे. 2001 साली ॲपलच्या आयट्यून्स 2.0 च्या स्थापना-स्क्रिप्टने, डिस्कच्या नावात मोकळी जागा असलेल्या काही ग्राहकांची माहिती अशीच पुसून टाकली होती.

यावर ‘नावाभोवती अवतरणचिन्हे घाला’ असे सांगितले जाते. हे ठिगळ झाले. नावातच अवतरणचिन्ह किंवा डॉलरचे चिन्ह आले की ते उसवते. खरा उपाय पायथॉनमध्ये 2004 पासून आहे. ‘सबप्रोसेस’ला आज्ञेतील शब्द यादीच्या रूपात सुटे सुटे द्यावेत, म्हणजे शेल मध्ये येतच नाही आणि शिरूर कासार अखंड राहते. पायथॉनच्या अधिकृत पुस्तिकेचीही शिफारस ‘ओएस.सिस्टिम’ऐवजी हीच आहे. धडे लिहिणाऱ्यांनी ती वाचू नये, याचे आम्हांस नवल वाटते.

दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. ‘सीपी -आर’ ही आज्ञा पहिल्यांदा दिली, तेव्हा ‘प्रत’ नावाचा फोल्डर नव्हता. तो तयार झाला. तीच आज्ञा दुसऱ्या दिवशी दिली, की मूळ फोल्डर त्या ‘प्रत’च्या पोटात जाऊन बसतो. आज्ञा एक, परिणाम दोन! रोज चालणाऱ्या स्क्रिप्टला हे कसे चालावे? पायथॉनचे ‘कॉपीट्री’ या बाबतीत शहाणे आहे. प्रत आधीच असेल तर ते काम नाकारते. 2019 पासून हा नकार बंद करण्याची सोय आली, आणि अनेक धडे ती पहिल्याच पानावर देऊन टाकतात. दाराला कडी आहे हे सांगण्याआधी ती काढायची कशी हे शिकवण्यासारखेच हे झाले.

‘कॉपीट्री’ही निर्दोष नव्हे. मध्येच वीज गेली, तर अर्धवट प्रत पूर्ण प्रतीच्याच नावाने पडून राहते. म्हणून नक्कल आधी ‘अपुरी’ अशा नावाखाली करावी, फाइलींची संख्या व चेकसम ताडून पाहावेत आणि मगच नाव बदलावे. आज्ञेने परत दिलेला अंक तपासणेही आवश्यक आहे. शून्य म्हणजे यश, हा सर्वसाधारण नियम. पण विंडोजवरील ‘रोबोकॉपी’ फाइली नीट उतरवल्यावर 1 परत देते, आणि 8 किंवा त्याहून मोठा अंक आला तरच ते अपयश असते. असे अपवाद धड्यांत क्वचितच सापडतात.

एवढी काळजी कशासाठी, असे कोणी विचारेल. डिसेंबर 2021 मध्ये क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावरील सुमारे 77 टेराबाइट माहिती, म्हणजे जवळपास 3 कोटी 40 लाख फाइली, बॅकअपच्याच एका स्क्रिप्टमुळे पुसल्या गेल्या. 14 संशोधनगटांना त्याची झळ बसली. त्या स्क्रिप्टचे काम 10 दिवसांहून जुन्या नोंदी काढून टाकण्याचे होते. ती चालू असतानाच तिच्या जागी सुधारलेली आवृत्ती ठेवण्यात आली. बॅश स्क्रिप्ट थोडी थोडी वाचत जाते, त्यामुळे उरलेला भाग नव्या आवृत्तीतून वाचला गेला. फोल्डरचे नाव ज्या चलात असायला हवे होते, त्या चलाला किंमतच दिली गेलेली नव्हती. किंमत न दिलेले चल आढळल्यास तेथेच थांबण्याची सूचना बॅशला दोन अक्षरांत देता येते: ‘सेट’पुढे ‘-यू’. आम्ही पाहिलेल्या धड्यांपैकी एकातही ती नाही.