एमबीएचं 'सरासरी पॅकेज' नेमकं कोणाचं?

सीईटीचा निकाल लागला की खामगाव, मलकापूर, चिखलीतल्या बऱ्याच घरांत एकच हिशेब सुरू होतो. पुण्याच्या कॉलेजची फी इतकी, माहितीपत्रकातलं 'सरासरी पॅकेज' इतकं, म्हणजे दोन-तीन वर्षांत पैसे वसूल. मी विज्ञानाची विद्यार्थिनी, मॅनेजमेंटची नाही. पण हा हिशेब कुणी शोधनिबंधात मांडला असता तर परीक्षकांनी तो पहिल्याच पानावरून परत पाठवला असता.

आधी सरासरीचं बघू. समजा बॅच ६० जणांची आहे. ३५ जणांना नोकरी लागली, त्यातल्या दोघांना २० लाखांची, ३३ जणांना ४ लाखांची. सरासरी निघते ४.९ लाख. माहितीपत्रक म्हणणार 'जवळपास ५ लाख'. मधल्या मुलाचा पगार मात्र ४ लाखच आहे. आणि उरलेले २५ जण? ते या गणितात आलेच नाहीत.

पण खरी गफलत याच्याही खाली आहे. तुम्ही एका वावरात नवं खत टाकलं आणि सोयाबीन भरघोस आलं, तर श्रेय खताला द्यायचं की मुळातल्या काळ्याभोर जमिनीला? शेजारी तसंच, पण बिनखताचं वावर असल्याशिवाय सांगता येत नाही. एमबीएचंही तेच. प्रश्न 'एमबीए झालेल्यांना किती मिळतं' हा नाहीच; 'याच मुलाला एमबीए न करता किती मिळालं असतं' हा आहे.

हे बिनखताचं वावर शोधायची एक हुशार युक्ती स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये वापरली. (त्यांचा अभ्यास पदवीच्या कॉलेजांचा आहे, एमबीएचा नाही, हे लक्षात ठेवा.) ज्यांनी सारख्याच दर्जाच्या कॉलेजांत अर्ज केले आणि ज्यांना प्रवेश-नकारही सारखेच मिळाले, अशा मुलांची त्यांनी आपसात तुलना केली. तेव्हा नामांकित कॉलेजचा पगारावरचा फायदा जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे हुशारी मुलांची होती, श्रेय कॉलेजला जात होतं. अपवाद एक: गरीब घरच्या मुलांना चांगल्या कॉलेजचा फायदा खरोखर झाला. ज्याच्या घरात ओळखीपाळखी नाहीत त्याला त्या तिथे मिळत असाव्यात, असा एक अर्थ यातून निघतो. आपल्याकडच्या मुलांसाठी मला हीच ओळ सगळ्यात मोलाची वाटते.

त्याच वर्षी जेफ्री फेफर आणि ख्रिस्तिना फाँग यांनी थेट बिझनेस स्कूललाच हात घातला. फेफर स्वतः स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकवणारे, त्यामुळे लेख जास्तच गाजला. त्यांचं म्हणणं असं की अगदी वरच्या संस्था सोडल्या तर एमबीएची पदवी किंवा त्यातले मार्क यांचा पुढच्या यशाशी फारसा संबंध दिसत नाही. लेख धारदार आहे, पण तो जसाच्या तसा इथे लावू नका. तिकडे बरेच जण काही वर्षं नोकरी करून मग एमबीएला जातात. आपल्याकडे पदवी झाली की लगेच. त्यामुळे आपल्या मुलाचा बुडणारा पगार कमी असतो, पण वर्गात शिकवलेलं ज्याच्याशी ताडून बघायचं तो अनुभवही नसतो.

राहिला पदवीच्या शिक्क्याचा मुद्दा. १९७३ मध्ये मायकेल स्पेन्स यांनी दाखवलं की वर्गात काहीही शिकवलं नाही तरी पदवी मालकाला माणसाची कुवत सांगू शकते. अट एवढीच, की ती मिळवणं कुवत असलेल्याला सोपं आणि नसलेल्याला अवघड असलं पाहिजे. जिथे जागा रिकाम्या राहतात आणि फी भरेल त्याला प्रवेश मिळतो, तिथे तो शिक्का फक्त बापाची ऐपत सांगतो.

आता आकडे, माझे गृहीत धरलेले. पुण्यात फी आणि राहणं मिळून ८ लाख. दोन वर्षं महिना १५ हजारांची नोकरी सोडली, ते ३.६ लाख. एकूण ११.६ लाख. पदवीमुळे पगार महिना ७ हजारांनी वाढला, तर वसुलीला जवळपास १४ वर्षं, तीही व्याज न धरता. ६ लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचं तर हप्ता महिना १०,३०० च्या आसपास, शिकतानाचं व्याज वेगळं. म्हणजे वाढलेला पगार हप्त्यालाही पुरत नाही. वाढ २० हजारांची असेल तर मात्र पाच वर्षांच्या आत मुद्दल सुटतं. तुमचे आकडे घालून हेच गणित परत करा.

माझं मत विचाराल तर आयआयएम किंवा तशा मोजक्या संस्थेत नंबर लागला तर कर्ज काढूनही जावं. शेगावसारख्या ठिकाणी घरून जाऊन-येऊन कमी खर्चात होत असेल तर तेही समजू शकते. सगळ्यात वाईट सौदा मधला: कर्ज काढून पुण्यातलं तिसऱ्या-चौथ्या फळीचं कॉलेज. ओळखी वरच्या संस्थेसारख्या नाहीत, आणि खर्च मात्र घराजवळच्या कॉलेजच्या कितीतरी पट.

माहितीपत्रकाऐवजी कॉलेजने 'एनआयआरएफ' या सरकारी क्रमवारीसाठी भरलेली माहिती उघडा. भाग घेतलेल्या कॉलेजच्या वेबसाइटवर ती असते. त्यात किती जण उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली आणि सरासरीऐवजी मधला पगार किती, हे दिलेलं असतं. ती सापडली नाही तर फोन करा आणि मागच्या बॅचमध्ये एकूण मुलं किती होती, एवढंच विचारा.