चालू यंत्राचा फोटो

आपल्याकडे यंत्रांचे मनापासून काढलेले फोटो बघायचे तर खंडेनवमीचे बघावेत. अहिल्यानगरजवळच्या नागापूर एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये त्या दिवशी लेथ पुसून लख्ख केलेली असते. चकवर हळदीकुंकू, टेलस्टॉकला झेंडूची माळ, शेजारी इस्त्रीच्या शर्टातला ऑपरेटर. मोबाइलवरच्या या फोटोंकडे समीक्षक फिरकत नाहीत. मला ते मोलाचे वाटतात, कारण माणूस आणि यंत्र त्यांत बरोबरीने उभे असतात.

दुसऱ्या टोकाला कंपन्यांची माहितीपत्रकं. नवा रंग दिलेलं यंत्र, संगणकावर पुसलेली भिंत, माणूस गायब. औद्योगिक छायाचित्रणातले आपले मोठे कलावंत म्हणजे मुंबईचे मित्तर बेदी (1926–1985). स्वातंत्र्यानंतर उभ्या राहणाऱ्या कारखान्यांना त्यांच्या कृष्णधवल चित्रांनी भव्यता दिली. छायाप्रकाशावरची त्यांची हुकमत आजही खिळवून ठेवते. माहितीपत्रकांनी त्यातली चकाकी तेवढी उचलली, नजर मात्र उचलली नाही.

या दोन्ही प्रकारांत यंत्र बंद असतं, आणि माझी तक्रार नेमकी तिथे आहे. यंत्राचं रूप खुलतं ते कामात. टूल जॉबला भिडलं की पोलादाची चिप वळत बाहेर येते आणि सुमारे 300 अंशांपर्यंत तापली की निळी पडते, मोराच्या मानेसारखी. हँडव्हीलचा रंग तळहाताने झिजून आतलं लोखंड उजळलेलं असतं. फोटोग्राफर येणार म्हटलं की आधी याच चिप्स झाडून टाकतात आणि तेच हँडव्हील रंगवतात!

चालू काम टिपणं अवघड असतं, हे खरं. अमेरिकन छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट 1920 च्या दशकाअखेर क्लीव्हलँडच्या पोलाद कारखान्यात गेली तेव्हा त्या काळच्या फिल्मला लाल प्रकाश जवळजवळ दिसतच नसे. वितळलेलं पोलाद काळंच उमटायचं. मॅग्नेशियमच्या मशाली पेटवून तिने ते चित्र मिळवलं. चिकाटीही लागते. जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेखर या छायाचित्रकार दांपत्याने 1959 पासून पाण्याच्या टाक्या, भट्ट्या समोरून, ढगाळ उजेडात, वर्षानुवर्षं टिपल्या. 1990 मध्ये व्हेनिसच्या बिएनाले कलाप्रदर्शनात त्यांना पुरस्कार मिळाला तो शिल्पकलेसाठी. त्यांच्या चित्रांतही माणूस नाही, पण चिकाटी आहे, आणि आपल्याकडे तिचीच वाण आहे.

जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्तने 1931 मध्ये बजावलं होतं की कारखान्याच्या फोटोवरून त्या कारखान्याविषयी जवळजवळ काहीच कळत नाही. पावर प्रेसपुढे हे फार पटतं. प्रेसचा देखणा फोटो काढताना डायमध्ये पत्रा सरकवणारा हात चौकटीबाहेर ठेवला, तर सगळी जोखीमच बाहेर राहिली. सौंदर्य दाखवायचं तर त्या हातासकट दाखवावं.

आता साध्या लेथच्या जागी संगणकावर चालणाऱ्या सीएनसी लेथ आल्या. कटिंग दाराआड गेलं. काचेवर कूलंटचे ओघळ, बाजूला स्क्रीनवरचे आकडे. इथे टिपण्यासारखं काही उरलं नाही, हे मला पटत नाही. त्या ओल्या काचेत आतलं फिरतं टूल आणि बाहेरच्या ऑपरेटरचा चेहरा एकावर एक दिसतात. नागापुरातल्या एखाद्या तरुण फोटोग्राफरने एकच यंत्र धरावं, तिन्ही शिफ्टला, तिन्ही ऑपरेटरांसह, वर्षभर. कंपनीकडे परवानगी मागताना एवढंच सांगावं, आधी झाडलोट करू नका.