खेळाच्या अंगणातील पाचारण
(डॉन बॉस्को यांच्या ‘ऑरेटरीच्या आठवणी’)

बदलीच्या गावी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ‘डॉन बॉस्को’ हे नाव नवे नाही. मुलाचे नाव कोणत्या शाळेत घालावे असा प्रश्न निघाला की शेजारचे गृहस्थ जी दोनचार नावे सुचवितात, त्यांत ते हटकून असते. शाळेची शिस्त कशी, निकाल कसा, फी किती, याची चौकशी आपण कसून करतो. ज्या माणसाचे नाव फाटकावर कोरलेले असते त्याची मात्र कोणी करीत नाही. आम्हीही कित्येक वर्षे केली नव्हती. त्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेल्या ‘ऑरेटरीच्या आठवणी’ इंग्रजी भाषांतरातून वाचनात आल्या, तेव्हा एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. धर्मप्रचारकाचे चरित्र म्हणून जे पुस्तक आपण सहज बाजूला सारले असते, ते वस्तुतः मुलांच्या सहवासातील आनंदाचे पुस्तक आहे. आणि त्या आनंदासाठी काय मोजावे लागले याचा हिशेबही त्यात आहे.

जोव्हान्नी बॉस्को यांचा जन्म १८१५ साली उत्तर इटलीतील पीडमाँट प्रांतात, बेक्की नावाच्या वाडीवर, एका शेतकरी कुटुंबात झाला. ते दोन वर्षांचेही नव्हते तोच वडील वारले. १८४१ साली त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. ‘डॉन’ हे तिकडे धर्मगुरूच्या नावामागे लावावयाचे आदराचे उपपद. पुढचे सारे आयुष्य तुरीन शहरातील अनाथ व मजूर मुलांत गेले. १८५९ साली त्यांनी सालेशियन संघ स्थापन केला, १८८८ साली ते निवर्तले आणि १९३४ साली चर्चने त्यांना संतपद दिले. ‘आठवणी’ त्यांनी पोप नववे पायस यांच्या आज्ञेवरून १८७३ च्या सुमारास लिहावयास घेतल्या. वृत्तांत १८५५ पर्यंतच येतो. हे लेखन संघातील मंडळींपुरतेच ठेवावे अशी लेखकाची इच्छा असल्यामुळे ते छापून निघावयास १९४६ साल उजाडले. हे लिहिण्याचे जे हेतू त्यांनी आरंभी सांगितले आहेत, त्यांत पूर्वानुभवाचा धडा आणि ईश्वरी योजनेचे दर्शन हे दोन आहेतच. तिसरा मात्र असा की, बापाच्या जुन्या गमती वाचून मुलांना बरे वाटावे. संताच्या लेखणीतून उतरलेला हा तिसरा हेतू आम्हांस सर्वांत मोलाचा वाटला.

वसईकडील मराठी ख्रिस्ती बांधव ‘पाचारण’ असा एक सुंदर शब्द योजतात. ईश्वराने माणसाला एखाद्या कार्यासाठी दिलेली हाक, असा त्याचा अर्थ. ही हाक ‘आठवणीं’त पहिल्याने ऐकू येते ती एका स्वप्नात. नऊ वर्षांचा जोव्हान्नी स्वप्नात पाहतो की, अंगणात पुष्कळ मुले खेळत आहेत, काही शिव्याशाप देत आहेत, आणि आपण त्यांना गप्प करण्यासाठी मुठी वळवून धावलो आहोत. तेव्हा एक तेजस्वी पुरुष त्याला सांगतो की, हे काम माराने होणार नाही, मायेने होईल. मग मुलांच्या जागी हिंस्र पशू दिसतात आणि त्या पशूंची कोकरे होतात. सकाळी घरात या स्वप्नाचा अर्थ लावणे सुरू होते. एक भाऊ म्हणतो, तू मेंढपाळ होशील; आई म्हणते, कोण जाणे, धर्मगुरूही होशील; सावत्र भाऊ म्हणतो, दरोडेखोरांचा नायक होशील. निरक्षर आजी निकाल देते की, स्वप्नांकडे लक्ष देऊ नये. आणि लेखक नमूद करतो की, आपलेही मत आजीसारखेच होते! हाक आली त्याच सकाळी तिची थट्टाही झाली, आणि ती थट्टा लेखकाने पन्नास वर्षांनंतर प्रेमाने जपून ठेविली. भक्तिपर चरित्रांत हा सूर क्वचित सापडतो.

दुसरा प्रसंग ८ डिसेंबर १८४१ चा. तुरीनच्या एका चर्चमध्ये डॉन बॉस्को मिस्सेच्या तयारीत असताना बार्तोलोमेओ गारेल्ली नावाचा सोळा वर्षांचा गवंडीकाम करणारा पोर आत डोकावतो. मिस्सेत मदत करता येत नाही म्हणून चर्चचा सेवक त्याला बदडून हाकलतो. डॉन बॉस्को सेवकाला अडवतात, हा माझा मित्र आहे असे सांगतात आणि पोराला परत बोलावतात. मग प्रश्नोत्तरे होतात. आईबाप नाहीत, लिहितावाचता येत नाही. धर्मशिक्षण घ्यावयास येशील का, असे विचारताच पोर म्हणतो, आनंदाने येईन, पण मारणार नसाल तर. पुढील सर्व कार्याचा पाया या एका अटीवर उभा आहे. १८५२ सालचा एक करारनामा प्रसिद्ध आहे. सुतारकाम शिकू लागलेल्या एका मुलासाठी तो मुद्रांकित कागदावर केलेला असून, त्यात उस्तादाने पोराला शब्दांनीच समज द्यावी, मार देऊ नये, अशी अट घातलेली आहे. दयेला स्टँपपेपरची जोड देणारा हा साधुपुरुष, आमच्यासारख्या आयुष्यभर फायली सांभाळणाऱ्यांना तरी, विशेष जवळचा वाटावा.

‘ऑरेटरी’ म्हणजे शब्दशः प्रार्थनेची जागा. प्रत्यक्षात ती रविवारी मुलांनी जमून प्रार्थना करण्याची, अक्षरे गिरविण्याची आणि मनमुराद दंगा करण्याची जागा होती. त्या दंग्यामुळेच तिला कोठे थारा मिळेना. एका ठिकाणाहून दुसरीकडे, तेथून आणखी तिसरीकडे अशी पोरांची पलटण हिंडत राहिली. दोघा धर्मगुरूंना तर वाटले की, डॉन बॉस्को यांचे डोके फिरले आहे. ते त्यांना वेड्यांच्या इस्पितळात नेण्यासाठी गाडी घेऊन आले. बॉस्को यांनी त्यांनाच आधी नम्रपणे गाडीत चढविले, दार लावून घेतले आणि गाडीवानाला इस्पितळाकडे गाडी हाकावयास सांगितले! शेवटी १८४६ च्या वसंतात वाल्दोक्को भागातील पिनार्दी नावाच्या माणसाची एक ठेंगणी पडवी मिळाली. मालकाने भाडे ३०० फ्रँक सांगितले. यांनी ३२० देऊ केले, मात्र भोवतालची जमिनीची पट्टी मुलांना खेळावयास मिळावी या अटीवर. खिशात पैसा नसलेल्या माणसाने घासाघीस केली ती भाडे वाढवून! खेळण्याची जागा ही चैन नसून कार्याचे अंग आहे, हा त्यांचा सिद्धान्त ग्रंथात कोठे सूत्ररूपाने आलेला नसला, तरी या वीस फ्रँकांत तो पुरता आला आहे.

त्याच वर्षी थकलेली आई, मार्गेरिता, वाडी सोडून मुलाच्या मदतीला तुरीनला आली. तिच्या लग्नातील कपड्यांतून पूजेची वस्त्रे झाली. दागिनाही मोडला गेला. १८४७ च्या मे महिन्यात एका पावसाळी रात्री चिंब भिजलेला एक अनाथ पोर दारी आला, तो प्रसंग या पुस्तकाचा कळस आहे. पूर्वी आसऱ्याला ठेवलेली पोरे चादरी, घोंगड्या, एवढेच काय, अंथरुणातले गवतदेखील घेऊन पळाली होती. म्हणून आईला चिंता पडते की, हाही स्वयंपाकाची भांडी तर नेणार नाही? चिंता करीतच ती विटा आणि फळ्या रचून त्याला बिछाना करते, आणि निजण्यापूर्वी काम, प्रामाणिकपणा व देव यांविषयी चार शब्द सांगते. सालेशियन शाळांतून रात्री मुलांना दोन हिताच्या गोष्टी सांगण्याची जी प्रथा पडली, तिचे मूळ या चार शब्दांत आहे. मराठी वाचकास येथे ‘श्यामची आई’ आठवल्यावाचून राहणार नाही. अमळनेरच्या छात्रालयात मुलांची आई झालेल्या साने गुरुजींनीही आपली शिकवण आईच्याच तोंडून वदविली. परंतु दोहोंत भेद आहे. गुरुजींच्या आठवणीत डोळे सारखे पाणावतात. बॉस्को यांच्या आठवणीत पाणी डोळ्यांपर्यंत येते आणि तेवढ्यात कोणीतरी हसते.

या पुस्तकाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तीस वर्षांनंतर लिहिलेली संभाषणे शब्दशः खरी असणे शक्य नाही. लेखक आपला जन्म मेरीमातेच्या स्वर्गोन्नयनाच्या दिवशी, म्हणजे १५ ऑगस्टला झाला असे सांगतो. चर्चच्या दप्तरात १६ ऑगस्ट आहे. गतकाळाची नोंद करण्यापेक्षा मागून येणाऱ्यांना वाट दाखविणे हा त्यांचा उद्देश होता, हे ध्यानी धरून वाचले म्हणजे अशा चुका बोचत नाहीत. बोचते ते दुसरे. तेथील वाल्डेन्सियन प्रॉटेस्टंटांविषयी लिहिताना ही प्रेमळ लेखणी एकाएकी कठोर होते. गल्लीतल्या चोरट्या पोरात देवाचे लेकरू पाहणाऱ्या दृष्टीला शेजारच्या पंथातील प्रौढ माणूस केवळ शत्रू दिसावा, याचे वाईट वाटते. आणि बॉस्को यांना निव्वळ समाजसेवक ठरवून आपली सोय पाहणेही योग्य नव्हे. मुलांच्या आत्म्याचा उद्धार हेच त्यांचे साध्य होते. पाव, पाटी आणि चेंडू ही त्या वाटेवरची साधने होती, हे त्यांनी कधी लपविले नाही. ती श्रद्धा ज्यांची नाही, त्यांनी या पुस्तकापासून काय घ्यावे?

याचे उत्तर ‘आठवणीं’त नाही. ते १० मे १८८४ रोजी वृद्ध बॉस्को यांनी रोमहून धाडलेल्या पत्रात आहे. लेखणी त्यांचे सहकारी लेम्वाने यांची, पण गाऱ्हाणे बॉस्को यांचे. तेही एका स्वप्नाचेच वर्णन आहे. आधी जुन्या ऑरेटरीचे अंगण दिसते: धावणारी, ओरडणारी, गाणारी मुले आणि त्यांच्यात मिसळलेले गुरुजन. मग आजचे अंगण: इमारत मोठी, मुले पुष्कळ, पण कोपऱ्याकोपऱ्यांत कंटाळलेले, संशयी चेहरे; गुरुजन दूर उभे, आपसांत बोलत किंवा नुसती देखरेख करीत. कारण असे सांगितले आहे की, मोठ्यांचे मुलांवर प्रेम आहे, पण ते मुलांना कळत नाही. मुलांच्या आवडीच्या गोष्टींत मोठे सामील होतील तेव्हाच ते कळेल. आपण उभारलेल्या संस्थेतून आनंद निघून जात आहे, हे संस्थापकाने स्वतः पाहावे आणि पत्राने कळवावे, याहून प्रामाणिक आत्मपरीक्षण कोणते?

या पत्रानंतर संघ जगभर पसरला. तो १९०६ साली आपल्या भोसल्यांच्या तंजावरास आला, १९२२ साली शिलाँगला आणि १९२८ साली मुंबईस. घरदार, भाषा, मुलूख सोडून परक्या मुलांत आयुष्य घालविणारी ही माणसे कशाच्या बळावर टिकतात, हे कोडे ‘आठवणी’ वाचल्यावर बरेचसे सुटते: अंगणातला आनंद हे त्यांचे वेतन आहे. पण याच जवळिकीचा दुरुपयोगही होतो. गेल्या काही दशकांत अनेक देशांतील कॅथोलिक संस्थांत मुलांवर झालेले अत्याचार उघडकीस आले, आणि ते दडपले गेल्याचेही सिद्ध झाले. म्हणून संस्थापकाच्या नावावर विसंबून चालत नाही. ‘मारणार नसाल तर’ ही गारेल्लीची अट प्रत्येक पिढीतील मुलाने घालावी, आणि आईबापांनी तिची अंमलबजावणी होते की नाही हे डोळ्यांत तेल घालून पाहावे, हेच त्या नावाशी सुसंगत होय.

आणि शेवटी आपल्याविषयी. बदलीच्या गावी मुलाचे सवंगडी दर तीनचार वर्षांनी तुटतात. आपण त्याला चांगली शाळा देतो, शिकवणी देतो, गावाकडची भाषा सुटू नये म्हणून पुस्तकेही मागवितो. आपले प्रेम कमी नसते. पण १८८४ च्या पत्रातला प्रश्न आपल्या क्वार्टर्सच्या अंगणातही तसाच उभा राहतो: ते मुलाला कळते का? कचेरीतून आल्यावर आम्ही स्वतः बहुधा वर्तमानपत्र घेऊन ओट्यावर बसतो आणि तेथूनच देखरेख करतो. पुस्तक मिटल्यावर दोनचार संध्याकाळी आम्ही खाली उतरलो. खेळ आम्हांस येत नव्हता, आणि त्याबद्दल आमची भरपूर थट्टा झाली. त्या थट्टेत आम्हांस जे मिळाले, त्यापुढे वीस फ्रँक फार नव्हेत.