पडद्यावरची नांदी

कोणत्याही खेळाचा आरंभ कसा व्हावा ह्याविषयी मराठी माणसाची मते फार ठाम आहेत. तमाशा असेल तर आधी गण झाला पाहिजे, मग गवळण. कीर्तनात नमन झाल्यावाचून बुवांना आख्यानाला हात घालता येत नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले. त्या परंपरेत वाढलेल्या रसिकाला नांदी चुकली म्हणजे अर्धे नाटक चुकल्यासारखे वाटे. आता निव्वळ कथेच्या हिशेबाने पाहिले, तर ह्या साऱ्याची गरज ती काय? नांदी म्हटली नाही म्हणून शकुंतलेची अंगठी हरवायची थोडीच राहते! पण रसिक हिशेबाने चालत नाही. बाजारातून, कचेरीतून, भांडणातून उठून आलेले मन कथेच्या दारात नीट उभे करावे लागते, आणि ते काम नांदी करते.

बोलपटांच्या काळात हेच काम 'प्रभात'च्या तुतारीने केले. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ साली पुण्यात आलेली ही संस्था. मागे झुकून तुतारी फुंकणारी ती स्त्री पडद्यावर दिसली, की थिएटरातील कुजबूज आपोआप थांबे. दूरचित्रवाणीच्या मालिकांना आरंभी जे गीत आणि जी नामावळी असते, ती ह्याच घराण्यातली. तिच्याकडे आपल्या टीकाकारांनी मात्र फारसे लक्ष दिलेले नाही. मालिकांवर हसण्यातच आमची पुष्कळशी विद्वत्ता खर्च झाली आहे.

मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील मनोऱ्यामुळे पुण्याच्या परिसरात चित्रे दिसू लागली. पंडित रविशंकरांनी बांधलेली दूरदर्शनची ती ओळखधून आणि तिच्याबरोबर फिरत फिरत एक होणारे ते बोधचिन्ह आठवत नाही, असा त्या पिढीतला माणूस विरळाच. संथ, किंचित उदास अशी ती धून. पण घरातल्या घरात ती हाक मारी.

'हाक' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. शीर्षकगीत पाहण्यासाठी असते असा आपला समज असतो. पण खरे तर ते ऐकण्यासाठी असते, आणि तेही जो अजून पडद्यासमोर आलेला नाही त्याच्यासाठी! ही गोष्ट ऐसपैस दिवाणखान्यात बसून कळायची नाही. ती कळायला पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या चाळीत संध्याकाळी उभे राहावे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, पुढे मोटारींचे आणि स्कूटरींचे कारखाने आले, आणि आता ही वसाहत भोसरी ओलांडून चाकणपर्यंत पसरली आहे. मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून आलेली माणसे येथे पाळीच्या वेळापत्रकावर संसार मांडून राहिली. दिवसाची हाक भोंग्याची आणि संध्याकाळची हाक मालिकेच्या गाण्याची! स्वयंपाकघरात भाकरी थापणारी गृहिणी, नळावर बादली भरणारी मुलगी, कोपऱ्यावरच्या टपरीशी रेंगाळणारे आजोबा ही सारी त्या गाण्याच्या पहिल्या ओळीला हालतात आणि शेवटच्या ओळीपर्यंत आपापल्या जागी येऊन बसतात. गाण्याची लांबी संगीतकाराने ठरवली असेल. पण तिचा खरा उपयोग भाकरी तव्यावरून उतरवण्याइतका अवकाश मिळावा हाच. दुसऱ्या पाळीचा गडी बिचारा रात्री उशिरा घरी येतो. त्याला कथा ठाऊक नसते, नायिकेचे काय बिनसले आहे तेही ठाऊक नसते. परंतु गाणे त्याला मुलांच्या तोंडून पाठ झालेले असते. घरच्यांच्या संध्याकाळीतला त्याचा वाटा तेवढाच.

मात्र नुसती हाक मारणे ही कला नव्हे. तसे असते तर भोंग्यालाही कलावंत म्हणावे लागेल. बोलावून आणलेल्या माणसाला गीताने काही दिलेही पाहिजे. १९८८ सालच्या 'महाभारत'ने महेंद्र कपूर ह्यांच्या बुलंद आवाजाने आणि हरीश भिमाणी ह्यांच्या 'काळा'च्या वाणीने रविवारच्या सकाळी रस्ते ओस पाडले. तो थाट दरबारी होता. त्याच वर्षी श्याम बेनेगल ह्यांच्या 'भारत एक खोज'ने निराळेच धाडस केले. वनराज भाटिया ह्यांनी तेथे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्ताला स्वर दिले. विश्वाच्या आरंभी काय होते, हे कोण जाणे, असा प्रश्न विचारणारे ते सूक्त! इतिहासाची कथा उत्तराने नव्हे तर प्रश्नाने सुरू करणे, ह्याहून योग्य नांदी मला तरी सुचत नाही. आणि 'मालगुडी डेज'? तेथे आर. के. लक्ष्मण ह्यांच्या रेषा आणि एल. वैद्यनाथन ह्यांची ती शब्दावाचून गुणगुणण्याची चाल. लक्ष्मणांचे अखेरचे दिवस पुण्यात गेले आणि २०१५ साली ते तेथेच निवर्तले. त्यांच्या त्या चार रेषांतून एक अख्खे गाव उभे राहते, आणि ते गाव दक्षिणेतले असूनही आपल्या आजोळासारखे वाटते.

मराठीत ह्या प्रांताचे अनभिषिक्त राजेपण अशोक पत्की ह्यांच्याकडे जाते. ना. धों. ताम्हनकरांच्या 'गोट्या'वरील मालिकेसाठी मधुकर आरकडे ह्यांनी लिहिलेले, मातीत रुजणाऱ्या बीजाचे ते गीत त्यांनीच स्वरबद्ध केले. १९९९ साली अल्फा मराठी वाहिनीवर 'आभाळमाया' आली आणि पुढे २००३ साली 'वादळवाट'. दोन्हींचे शब्द मंगेश कुलकर्णी ह्यांचे, चाल पत्कींची, गळा देवकी पंडित ह्यांचा. ह्या गीतांचे मर्म कशात आहे? ती कथा सांगत नाहीत. 'वादळवाट'चे नाव वादळी, पण गीतात येतात त्या समुद्रकाठच्या साध्यासुध्या, हळव्या वस्तू. वादळात काय उद्ध्वस्त होऊ शकते ते आधी दाखवले की वादळाचे वर्णन करण्याचे कारण उरत नाही. म्हणून मालिका विस्मरणात गेली तरी गीत उरते. ते मालिकेच्या कथेवर नव्हे, भावावर उभे असते.

ह्याच्या उलट प्रकारही आपण रोज पाहतो. सारे कुटुंब हाताची घडी घालून ओळीने उभे, एकेकाने गर्रकन मान वळवून आपल्याकडे पाहावयाचे, नायिकेचे केस वाऱ्यावर उडावयाचे, आणि गीतात मालिकेचे नाव सात वेळा यावयाचे! ही नांदी नव्हे, दवंडी आहे.

आरंभीच्या नामावळीलाही ह्या कलेत मान आहे. अमेरिकेत पूर्वी ही नामावळी कोणी मोजत नसे. ती संपल्यावर पडदा सारावा असा रिवाज होता. १९५५ साली ऑटो प्रेमिंजर ह्यांच्या 'द मॅन विथ द गोल्डन आर्म'साठी सॉल बास ह्यांनी काळ्या पार्श्वभूमीवर सरकणाऱ्या पांढऱ्या पट्ट्यांतून एक वेडावाकडा हात घडवला, आणि आधी पडदा सारा, मग नामावळी दाखवा, अशी चिठ्ठी चित्रपटाच्या डब्यांवर लावावी लागली. आमच्या औद्योगिक पट्ट्यातील माणसाला ह्या नामावळीचे मोल अधिक कळावे. चाकणहून मोटार बाहेर पडते तेव्हा तिच्या कपाळावर कंपनीचे नाव झळकते. दार बसवणाऱ्याचे, रंग देणाऱ्याचे नाव कोठेच नसते. मालिकेत मात्र रंगभूषाकाराचे, प्रकाश देणाऱ्याचे, ध्वनी सांभाळणाऱ्याचे नाव क्षणभर का होईना पडद्यावर येते. कोणाच्या तरी आईने ते बोट दाखवून शेजारणीला दाखवलेले असते.

आणि नेमका हाच क्षण आता संकटात आहे. २०१७ साली नेटफ्लिक्सने आरंभ वगळण्याची कळ आणली. रोजच्या मालिकांतही गीत काही सेकंदांवर येऊन ठेपते. एका बैठकीत चार भाग पाहणाऱ्याने तेच गीत चार वेळा का ऐकावे, हा आक्षेप मी खोटा म्हणणार नाही. जो एकटा, हातातल्या फोनवर पाहतो, त्याला हाक कोणाला मारावयाची आहे? पण म्हणूनच हा प्रश्न केवळ गाण्याचा नाही. कळ दाबली की तीस सेकंद वाचतात. पण भाकरी उतरवून येणारीसाठी थांबणे, ध्वनी सांभाळणाऱ्याचे नाव वाचणे, चार जणांनी एकाच ओळीवर गुणगुणणे हेही त्याबरोबर वाचते. वाचते म्हणजे जाते.

दिवाळीच्या दिवसांत दारापुढे रांगोळी काढतात. तिच्यावाचून घरात शिरता येत नाही असे थोडेच आहे? दुसऱ्या दिवशी ती पुसलीही जाते. तरी येणारा पाहुणा क्षणभर थबकतो, पाय जपून टाकतो आणि मग आत येतो. वाचकहो, ह्या सुट्टीत घरची मंडळी एकत्र बसून काही पाहणार असाल, तर निदान एकदा ती कळ दाबू नका. आत कोणी अजून करंज्या तळत असेल. तिला येऊ द्या.