शर्कराबंध तोडणारी विकरे : नामकरणाची चिकित्सा

शास्त्रीय नाव म्हणजे वस्तूचे यथार्थ वर्णन, असा समज आपल्या परिभाषाविचारात दृढमूल आहे. शर्कराबंध तोडणाऱ्या विकरांची नावे तपासली असता हा समज टिकत नाही, आणि शब्दशः भाषांतर करणारा मराठी परिभाषाकार त्यातून नवीनच घोटाळा निर्माण करण्याचा संभव आहे, असे प्रस्तुत टिपणाचे प्रतिपादन आहे.

१८३३ मध्ये पायां व पेर्सो यांनी मोड आणलेल्या बार्लीतून पिष्टाचे विघटन करणारा पदार्थ वेगळा केला आणि ‘विलग करणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास ‘डायास्टेज’ म्हटले. पुढे द्युक्लो यांच्या सूचनेने या शब्दाची शेपटी, म्हणजे ‘एज’, विकरांचा सामान्य प्रत्यय ठरली. मूळ शब्दात तिला स्वतंत्र अर्थ नव्हता. तो रूढीने दिला.

‘इन्व्हर्टेज’चे उदाहरण याहून उद्बोधक आहे. सुक्रोजचे द्रावण ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळविते. या विकराच्या क्रियेने झालेले ग्लुकोज व फ्रुक्टोज यांचे मिश्रण ते डावीकडे वळविते. या उलटापालटीवरून हे नाव पडले. परंतु १९५३ मध्ये कोशलंड यांनी अशा विकरांचे दोन वर्ग कल्पिले. तुटणाऱ्या बंधाच्या कार्बनची अवकाशरचना एका वर्गात उलटते, दुसऱ्यात कायम राहते. इन्व्हर्टेज दुसऱ्या वर्गात पडते! नावाने ‘उलटविणारे’, कृतीने ‘राखणारे’. दोन्ही ठिकाणी ‘विपर्यय’ हा एकच मराठी शब्द योजणारा विद्यार्थ्याची दिशाभूल करील.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. रचना राखणारी विकरे बंध तोडताना शर्करेस क्षणभर स्वतःशी जोडून घेतात. म्हणून ती शर्करा पाण्याऐवजी दुसऱ्या शर्करेस देता येते. बीटा-गॅलॅक्टोसिडेज दुधातील लॅक्टोज तोडते, आणि लॅक्टोजचे प्रमाण भरपूर असता त्यापासूनच शिशुआहारात वापरली जाणारी लघुशर्कराशृंखला घडविते. वर्ग ओळखण्यात चूक झाली, तर अशा उपयोगाची दिशाच हुकते.

‘बीटा’ या अक्षराचीही तीच कथा. बीटा-गॅलॅक्टोसिडेजमध्ये ते तुटणाऱ्या बंधाचा निर्देश करते; बीटा-अमायलेजमध्ये मात्र निर्माण होणाऱ्या माल्टोजचा. पिष्टातील बंध आल्फाच असतो, आणि आल्फा व बीटा ही दोन्ही अमायलेजे तोच तोडतात. एकाच उपपदाचे हे दोन अन्वय वाक्यरचनेत खपले नसते.

१९६१ च्या अहवालाने विकरांना क्रमांक दिले. १९९१ मध्ये आन्रिसा यांनी अमिनो आम्लांच्या क्रमावरून या विकरांची ३५ कुळे पाडली, व पुढे ती संख्या दीडशेपलीकडे गेली. क्रमांक क्रिया सांगतो, कुळ रचना सांगते. एकाच कुळातील विकरांची तोडण्याची रीतही बहुधा एकच असते. नावाकडून ही दोन्ही कामे अपेक्षिणे अन्यायाचे आहे.

सारांश, इन्व्हर्टेज, अमायलेज ही विशेषनामे लिप्यंतराने जशीच्या तशी घ्यावीत. ‘रचना उलटविणारे’, ‘रचना राखणारे’ ही वर्गनामे मात्र स्वच्छ मराठीत घडवावीत. नाव ही खूण आहे आणि वर्गनाम हा सिद्धांत आहे. भाषांतर सिद्धांताचे करावयाचे असते. खुणेचे भाषांतर केल्यास खूणही हरवते आणि अर्थही हाती लागत नाही.